निर्माता आम्ही मानत नाही, साक्षीदार मानतो

भोईवाड्याच्या कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की पहिले काम शपथेचे. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका प्रकरणात नायगावच्या बीडीडी चाळीत सारे आयुष्य काढलेल्या एक आजी साक्षीला आल्या होत्या. जिना चढता चढता त्यांनी आम्हाला हळूच विचारले, "वकीलसाहेब, देवाची शपथ घ्या म्हणाले तर मी काय करू? बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यात मी. खोटी शपथ घेऊन खरं कसं सांगू?"

पंचवीस वर्षांच्या वकिलीत आम्ही शेकडो साक्षीदार पाहिले. देवाच्या नावाने हात वर करून धादांत खोटे बोलणारे पाहिले, पोलिसांपुढे एक आणि कोर्टापुढे दुसरेच सांगणारे फितूर पाहिले. पण शपथच खोटी होईल म्हणून कासावीस झालेला साक्षीदार आम्ही फार थोड्या वेळा पाहिला. आम्ही आजींना सांगितले, घाबरू नका. १९६९ चा शपथ कायदा आहे, त्याच्या कलम ५ प्रमाणे शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. 'सत्यप्रतिज्ञेवर सांगते' एवढेच म्हणायचे, देवाचे नाव घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. त्यांनी तेवढेच म्हटले आणि पुढे तासभर चाललेल्या उलटतपासणीत एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

ही सोय आपोआप मिळालेली नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. मतदान झाले. बाजूने ४१, विरोधात ६८. म्हणून आज आपल्या संविधानाची सुरुवात 'आम्ही भारताचे लोक' अशी आहे. सत्तावीस मतांचा फरक. आमच्या चळवळीतल्या तरुणांना हा आकडा पाठ असायला हवा, पण तो फारसा कोणी सांगत नाही.

त्या दिवशी आमच्याबरोबर एक तरुण ख्रिस्ती वकील होते. मूळचे नगर जिल्ह्यातले. पणजोबा महार, मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. कोर्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर ते म्हणाले, "सर, एक विचारू? जग निर्माण करणारा कोणी आहे हेच तुम्हाला मान्य नाही. मग दर वर्षी ५ जुलैला स्टॅन स्वामींच्या स्मृतिसभेला तुम्ही का येता? ते तर त्याच निर्मात्यावर भरवसा ठेवून गेले." पुढे त्यांनी बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा दाखला दिला. ज्यांच्यावर छळ आला आहे त्यांनी आपला जीव विश्वासू निर्मात्याच्या हवाली करावा आणि चांगले काम करीत राहावे, असा त्यातल्या एका वचनाचा आशय.

प्रश्न सरळ होता. आम्ही त्यांना टपरीवर जेमतेम उत्तर दिले. नीट उत्तर इथे देतो, कारण हा प्रश्न एका ख्रिस्ती तरुणाने विचारला असला तरी आमच्याच चळवळीतले अनेकजण तो वेगळ्या सुरात विचारत असतात. "आपला काय संबंध?" हा तो सूर.

आधी निर्मात्याचे. याबाबत आमच्या मनात संदिग्धता नाही आणि कोणाला बरे वाटावे म्हणून आम्ही ती दाखवणारही नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वरावरच्या श्रद्धेला 'धम्म नव्हे' या सदरात टाकले आहे. ईश्वर कोणी पाहिला? त्याने जग कशातून घडवले? काहीच नव्हते त्यातून घडवले म्हणाल तर ते संभवत नाही, आधी काही होते म्हणाल तर तो आद्य निर्माता उरत नाही. आणि तो दयाळू असेल तर माणसे माणसांशी इतकी निर्दयपणे का वागतात? हा शेवटचा प्रश्न आमच्यासाठी पोथीतला नाही. या देशात निर्मात्याच्या नावानेच आमचे जन्मस्थान ठरवले गेले. मुखातून कोण, पायातून कोण, आणि पायातही ज्याला जागा नाही तो कोण, हे निर्मात्याच्या अंगावर लिहून ठेवले गेले. ज्यांनी हा निर्माता भोगला त्यांना तो नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे. याच भोईवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, नायगावला, ३१ मे १९३६ रोजी महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची दोन्ही अंगे उलगडून सांगितली. धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नाही, हा विचार आमच्या आजोबांच्या पिढीने तिथे कानांनी ऐकला.

पण एखाद्याचा सिद्धांत न पटणे आणि त्या सिद्धांतासाठी त्याला मारले जाणे, या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ साली फार स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. केरळातल्या एका शाळेत तीन भावंडे राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांचे कुटुंब 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचे. प्रार्थना फक्त निर्मात्याची, दुसऱ्या कशाची नाही, ही त्यांची धारणा. १९८५ च्या जुलैत शाळेने त्यांना काढून टाकले. उच्च न्यायालयात ती मुले हरली. न्या. चिन्नाप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या नावाने हा निकाल आम्ही वकील ओळखतो. त्याचा मतितार्थ असा की, ती श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते की नाही हा कोर्टाचा प्रश्नच नाही. ती खरोखर, सदसद्विवेकाने धरलेली आहे की नाही एवढेच पाहायचे. नायगावच्या आजी निर्माता नाकारतात, केरळातली ती मुले निर्मात्याशिवाय दुसरे काही मानत नाहीत. दोघांचे संरक्षण एकाच कलमात आहे, संविधानाच्या कलम २५ मध्ये. एकाचे काढले तर दुसऱ्याचे शाबूत राहील असे ज्यांना वाटते त्यांनी कायदा वाचलेला नाही.

आता महाराष्ट्राच्या मातीतले उदाहरण. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पण त्या संघात त्याला घेतले गेले नाही. काही काळ व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने डिसेंबर १५९६ मध्ये या मंडळींना पकडले. डाव्या कानाची पाळी कापून गावोगाव धिंड काढली, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यात मोठा भरणा जपानी सामान्य माणसांचा होता, मुलेही होती. १८६२ साली रोमने या २६ जणांना संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. वसईकरांना हे माहीत आहे, दादर-परळच्या वाचकांना क्वचितच.

इथे आम्हा बौद्धांना एक अवघड गोष्ट बोलावी लागते. नंतरच्या काळात जपानच्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि प्रत्येक कुटुंबाला जवळच्या बौद्ध विहारात नोंद सक्तीची केली. 'हे कुटुंब ख्रिस्ती नाही' असा दाखला विहारातून घ्यावा लागे. संशयितांना येशू-मरियमेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. जो पाय देणार नाही त्याचे काय होत असे हे सांगायला नको. दोन शतकांहून अधिक काळ हे चालले. तरीही १८६५ साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आसपासच्या गावांतली काही माणसे आली आणि आम्हीही तेच आहोत, असे त्यांनी पाद्र्याच्या कानात सांगितले. पिढ्यान् पिढ्या ती लपून राहिली होती. बंदीचे फलक १८७३ साली उतरले. बुद्धाचे नाव सांगणाऱ्या विहारांनी सत्तेची कारकुनी केली, हा इतिहास आहे. तो आमच्या धम्माचा नाही असे म्हणून हात झटकता येतील, पण मग ज्याच्या-त्याच्या धर्मातल्या अत्याचाराबद्दल हेच उत्तर ऐकून घ्यावे लागेल.

आणि उलट बाजूही आहेच. गोन्सालोबद्दल आदर बाळगताना आम्ही गोव्यातले इन्क्विझिशन विसरत नाही. १५६० ला सुरू झाले, मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. सिंहलद्वीपातून लुटून आणलेला, बुद्धाचा दंतधातू म्हणून पूजला जाणारा अवशेष पोर्तुगीज सत्तेने १५६१ साली गोव्यात सर्वांसमक्ष कुटून जाळला. ज्यांच्या हाती तलवार आली त्यांचा देव बदलला तरी वागणूक फारशी बदलली नाही. म्हणूनच आमचा हिशेब धर्माच्या नावावर होत नाही. कोणाच्या हाती सत्ता होती आणि कोणाच्या हातापायात बेडी होती, एवढेच आम्ही विचारतो.

या हिशेबाने पाहिले की स्टॅन स्वामी आमचे का, हे कळते.

तामिळनाडूत तिरुचिरापल्लीकडे जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू अनेक वर्षे झारखंडच्या आदिवासींत राहिला. खाणींसाठी जमीन गेलेले, नक्षलवादी म्हणून तुरुंगात डांबलेले आदिवासी तरुण. त्यांच्या कच्च्या कैदेचा अभ्यास करून त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. ८ ऑक्टोबर २०२० रोजी एनआयएने त्यांना रांचीतून उचलले. वय ८३. कंपवाताचा आजार, दोन्ही कानांनी ऐकू कमी. गुन्हा कोणता? भीमा कोरेगाव! म्हणजे आमच्या पूर्वजांच्या शौर्याच्या स्तंभाला १ जानेवारी २०१८ रोजी वंदन करायला गेलेल्या आमच्याच माणसांवर दगडफेक झाली, त्या दिवसाचे नाव असलेला खटला. आपण भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही, असे अटकेपूर्वी ते सांगत होते. याच खटल्यात सुधीर ढवळे आत गेले. याच खटल्यात डॉ. आनंद तेलतुंबडे यांना २०२० साली भीमजयंतीच्या दिवशी, १४ एप्रिलला, शरण जावे लागले. या यादीत एक ख्रिस्ती पाद्री का, असे विचारण्यापेक्षा या यादीत आपण सर्वजण का नाही, असे विचारायला हवे होते.

तळोजा तुरुंगात हात थरथरत असल्याने त्यांना पेला धरता येत नव्हता. नळी आणि सिपर मिळावा म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये कोर्टात अर्ज करावा लागला. उत्तर द्यायला तपास यंत्रणेला वीस दिवस मिळाले. वीस दिवसांनी उत्तर आले की आम्ही त्यांचा सिपर जप्त केलेलाच नाही. आम्ही फौजदारी वकिली करतो, तारखा कशा पडतात हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण पाणी पिण्याच्या नळीला तारीख पडलेली आम्ही त्याआधी ऐकली नव्हती. चवदार तळ्याच्या लेकरांना पाण्याची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यूएपीए कायद्याचे कलम ४३-ड (५) असे आहे की आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन मिळत नाही. खटला उभा राहत नाही आणि माणूस आत सडतो. २२ मार्च २०२१ ला विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. २१ मे रोजी तुरुंगातून व्हिडिओवर ते उच्च न्यायालयापुढे आले. आपण आलो तेव्हा स्वतःच्या हाताने जेवत होतो, चालत होतो, आता ते होत नाही, असे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. आपल्या माणसांत जायचे आहे, नाहीतर इथेच मरण आले तरी चालेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आठवडाभराने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाच्या अर्जावर सुनावणी लागली असतानाच, ते गेल्याचे डॉक्टरांनी कोर्टाला कळवले. पुढे २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या आर्सेनल या तपासणी संस्थेने सांगितले की त्यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसवली होती. खटला त्यांच्यापुरता कधी चाललाच नाही. दोषी नाहीत, निर्दोषही नाहीत. नुसते मेलेले आरोपी.

ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्याला जो शब्द आहे तो मूळ ग्रीक भाषेत 'साक्षीदार' या अर्थाचा आहे, हे आम्हाला त्या तरुण वकिलांनीच सांगितले. आमच्या धंद्यातला शब्द. धाक, पैसा, मरण यांपैकी कशानेही जो फितूर होत नाही तो. स्टॅन स्वामींना ते बळ निर्मात्यावरच्या भरवशातून मिळाले असेल. आम्ही त्यांच्याशी त्यावर वाद घातला असता. पण तुरुंगातून त्यांनी लिहिलेल्या पत्रांत देवाची वर्णने थोडी आणि सोबतच्या गरीब कैद्यांची अधिक आहेत. आपल्याला आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या सहआरोपींची नावे त्यांनी आठवणीने लिहिली.

बाबासाहेबांची ख्रिस्ती समाजाबद्दल एक जुनी तक्रार होती. 'धर्मांतरिताची स्थिती' या लेखात आणि १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी ती मांडली. तुमच्यातले शिकलेले लोक अन्यायाविरुद्ध तोंड उघडत नाहीत. माणसाच्या दुःखाचे कारण तुम्ही त्याच्या पापात शोधता, समाजव्यवस्थेत शोधत नाही. आणि चर्चमध्येही जात शिल्लक आहे. तक्रार खरी होती, आजही बरीच खरी आहे. दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीसुद्धा वेगळी असते. पण स्टॅन स्वामींसारखा एक माणूस त्या तक्रारीला उत्तर देऊन गेला, हे आपण मोकळेपणाने म्हणायला काय हरकत आहे?

आता खरा मुद्दा, ज्यावर आमच्याच बैठकांत आवाज खाली येतो. २००८ साली ओडिशातल्या कंधमालमध्ये घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, चर्च पाडली गेली. मार खाणाऱ्यांत मोठा वाटा पाणो या अस्पृश्य जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा होता. मारताना त्यांची जात पुसली गेली नव्हती. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद म्हणतो की ते अनुसूचित जातीचे नाहीत. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. १९८५ च्या सूसै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतरानंतरही तेवढीच दुरवस्था टिकून असल्याचा पुरावा मागितला. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने तो परिच्छेदच काढून टाका असे सुचवले. अहवाल धूळ खात पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्याच्या मुदती वाढत गेल्या. २०२५ साली आंध्रच्या उच्च न्यायालयाने तर एका पाद्र्याला सांगितले की तू ख्रिस्ती आहेस, तुला ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. शिवी जातीवरून, संरक्षण धर्मावरून!

आमच्यातले काहीजण म्हणतात, त्यांना आत घेतले तर आमचा वाटा कमी होईल. ही भीती खोटी नाही, आम्ही तिची टिंगल करणार नाही. नोकऱ्याच उरलेल्या नाहीत. पण १९५६ ते १९९०, तब्बल चौतीस वर्षे, केंद्राच्या सवलतींसाठी हेच वाक्य आमच्याविरुद्ध वापरले गेले. धर्म बदललात ना, मग अस्पृश्यता संपली, सवलत कशाला? त्या वाक्याचे उत्तर आम्ही मोर्चे काढून दिले. आज तेच वाक्य आमच्या तोंडी शोभत नाही. लोकसंख्या वाढते तर टक्का वाढवा, ही मागणी करायची असते. शेजाऱ्याला दारात अडवायचे नसते.

आणि दार आपलेही बंद होत आहे. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाताना जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. उत्तर प्रदेशात २०२१ च्या कायद्याने साठ दिवस आधी कळवावे लागते. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याचा अभ्यास करायला समिती नेमली गेली. हे कायदे पाद्र्यांसाठी आहेत असे आपल्याला सांगितले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्यांनी प्रत्येकी साठ दिवस आधी कलेक्टरकडे अर्ज करायचा होता काय? आणि कलेक्टरने चौकशीला तलाठी पाठवायचा होता काय?

आमच्या संघटनेतर्फे एक निवेदन तयार झाले आहे. १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद रद्द करा, अनुसूचित जातींचा टक्का लोकसंख्येप्रमाणे वाढवा, आणि धर्म बदलताना परवानगी मागायला लावणारा कोणताही कायदा महाराष्ट्रात नको, अशा तीन मागण्या आहेत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कामकाजाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत भोईवाडा कोर्टाबाहेर यावे, आम्ही तिथेच असतो. नायगावच्या आजींना आम्ही ते वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले, दुसऱ्या मागणीवर दोनदा थांबवले आणि विचारले, "टक्का वाढवला नाही आणि नुसतंच त्यांना घेतलं तर?" आम्ही म्हणालो, तसे होऊ शकते, आजी, तेव्हा त्यासाठीही लढावे लागेल. त्या म्हणाल्या, "मग नातवाला विचारून सांगते. नोकरीचा फॉर्म तो भरतोय, मी नाही."